वैजयंतीनं मशीनला विचारायला शिकवलं

माणूस मशीनपुढं बसला की आपण मशीनकडं बघतो. वैजयंती माणसाकडं बघती. बोट कुटं थांबलं, डोळा कुठल्या ओळीवर अडकला, ओठ हलले का, सगळं टिपत ती गप उभी असती. सोलापुरात सात रस्त्याच्या आतल्या बोळात तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. दुकान म्हणजे दोन टेबलं, एक स्टूल आणि भिंतीला थप्पी लावलेली जुनी मशीनं. गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, बिघडलंय." ती म्हणती, "बसा. रोज करता तसं करून दाखवा." गिऱ्हाईक वैतागतं. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरकडं जावं आणि डॉक्टरनं म्हणावं, जेवून दाखवा, तसला प्रकार. पण निम्म्या वेळा दुखणं जेवण्यातच सापडतं.

ही आमच्या गावची. मंगळवेढ्याच्या म्होरं, काळ्या रानातलं गाव. तिचा बाप बिरप्पा आणि मी भावकीतले, आमचा बांधाला बांध. मी तिचा चुलता लागतो, ती मला आण्णा म्हणती. लहानपणी वैजा लई भांडकुदळ होती आणि अजून हाय. दहावीला गणितात आपटली, परत बसली, सुटली, लग्न होऊन सोलापूरला गेली. नवरा अभिमन्यू टेंपो चालवतो. पोरं शाळेत जायला लागल्यावर तिनं एका दुकानात बिलं फाडायची नोकरी धरली. ते दुकान कॉम्प्युटरचं निघालं, एवढंच. साड्यांचं निघालं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

एकदा मालकानं कुठल्याशा हापिसातनं जुन्या मशीनांचा ढीग उचलून आणला. नव्या सिस्टीमचं ओझं त्या मशीनांना पेलत नव्हतं. मालक म्हणाला, पत्रा वेगळा काढा, तांबं वेगळं काढा. वैजयंतीनं त्यातलं एक बाजूला ओढलं आणि त्याच्यावर लिनक्स घातलं.

लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी सिस्टीमच, पण तिला एक मालक न्हाय. जगभरची माणसं मिळून ती करतात आणि वाटून टाकतात. आमच्याकडं इरजिक असती की. एकाच्या रानात सगळ्या गावचे नांगर येऊन पडतात, सांजंपर्यंत रान उलथून निघतं, मजुरी कुणी मागत न्हाय, पोटभर जेवण घातलं की झालं. ही तसलीच इरजिक. फरक एवढाच की रान कुणाचं ते नांगर धरणाऱ्याला ठाऊक नसतं आणि जेवायला ज्याचं त्यानं आपल्या घरी जायचं. ज्वारीत जशी मालदांडी, दगडी, गूळभेंडी, तसे लिनक्सचेबी वाण असतात. वैजयंतीनं जुना, भरवशाचा वाण धरला.

तर ते घालताना मशीननं तिला प्रश्नांनी झोडपलं. डिस्कचे तुकडे कसे पाडू? घड्याळ कुठल्या मुलखाचं धरू? टपाल कोण पोचवणार? हिला एकाचंबी उत्तर येईना. ही आपली एंटर दाबत गेली. आणि मशीन चालू झालं.

दुसरं कुणी हुश्श करून उठलं असतं. ही तितंच बसून राहिली. पुढं कवातरी तिनं मला सांगितलं, "आण्णा, मी कायच सांगितलं न्हाय, तरी सगळं बरोबर बसलं. म्हंजे त्या एंटरखाली कुणीतरी आदीच उत्तर ठेवलं होतं. मला बघितलं न्हाय, माझं नाव ठाव न्हाय, आणि मी काय चुकंन ते धरून ठेवलं होतं."

मी तंबाखू मळत होतो, तो तसाच हातावर राहिला. कुठल्यातरी देशात कुणीतरी गडी न्हाय तर बाई बसली असंल, आणि बिरप्पाची पोरगी एक दिवस सोलापुरात भंगारापुढं बसून गोंधळणार हाय, हे तिनं आधीच धरलं. आमच्याकडं सोयरा जेवायला येणार म्हणून कळवतो तरी मीठ कमी पडतं.

मग वैजयंतीला त्याचं याडच लागलं. एंटरखाली काय असतं ते ती उकरून बघायला लागली. तिनं मला समजावलं ते असं. प्रत्येक सॉफ्टवेअर बसताना त्याला काही विचारायचं असतं, आणि प्रत्येक प्रश्नाला एक वजन असतं. काही प्रश्न असे की उत्तर मिळाल्याबिगर पुढं पाऊलच पडत न्हाय. काही असे की जाणकाराला विचारावेत, बाकीच्यांना सोडावं. काही तर निव्वळ छंदी माणसासाठी. आणि मशीनला सांगून ठेवता येतं, अमक्या वजनाच्या खालचा प्रश्न ह्या माणसाला विचारू नको, तू तुझं बघून घे. त्याच्याबी पुढं, उत्तरं आधीच भरून ठेवता येतात. मशीन प्रश्न काढायला जातं, बघतं तर उत्तर तयार, गपगुमान पुढं सरकतं.

ह्याच्यावर वैजयंतीचा धंदा उभा राहिला. टाकून दिलेलं मशीन घ्यायचं, लिनक्स घालायचं, आणि ज्याला द्यायचं त्याच्या बेताची उत्तरं आधीच भरून ठेवायची. किराणावाल्याला त्याच्या बेताची, शिकवणीवाल्या बाईला तिच्या बेताची. माणसानं बटण दाबावं आणि कामाला लागावं. पुढं तिनं स्वतःचं दुकान थाटलं. नियम तिचा एकच. माणसाला जे ठाव न्हाय ते मशीननं त्याला विचारायचं न्हाय.

आणि असल्या वैजयंतीचं मशीन अडलं कुटं, तर आमच्याच गावात, तिच्याच आत्तीच्या हातात.

गावात बायांचा कडक भाकरीचा गट हाय. पत्र्याचं शेड, त्यात ओळीनं चुली. ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, भाजायच्या, मंद आचेवर पापडासारख्या कडक करायच्या आणि पाकिटं भरून सोलापूर-पुण्याच्या दुकानांत धाडायच्या. पाकिटाला लेबल लागतं. कधी केली, कवापर्यंत खायची, वजन किती, कुणी केली. लेबल नसलेलं पाकीट दुकानदार हातात धरत न्हाय. ती लेबलं छापायला वैजयंतीनं एक मशीन आणि चिकट लेबलांच्या रोलावर छापणारा लहान प्रिंटर बसवून दिलेला. मशीनपुढं बसायची गोजरबाई, बिरप्पाची थोरली बहीण, गावातच दिलेली.

गोजरबाईनं उभा जन्म चुलीपुढं काढला. तिची भाकरी चंद्रासारखी गोल आणि तोंड चुन्यासारखं झोंबणारं. आता गुडघे गेले. खाली बसली तर उठवायला दोघी लागतात. चुलीपुढचं काम सुटलं, परातीपुढचं सुटलं. शेडात ती करू शकंल असं एकच काम उरलं, खुर्चीवर बसून लेबलं काढायचं. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण अक्षरं लावती, आकडे पक्के. ती खुर्ची गेली तर तिला घरी बसावं लागणार, आणि घरी सून आणि ती दिवसभर एका छताखाली म्हटल्यावर दोघींतली एक टिकणार. हे सगळ्या गावाला ठाव होतं, सुनेला तर जास्तच.

गटांच्या वर एक संघ हाय, त्याचे गुरुलिंग साहेब. माणूस वाईट न्हाय. दुकानदारांच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. मागं एकदा लेबलं बिघडली, वैजयंतीनं सोलापुरातनं फोनवर सांगून ती सुधारून दिली. तवाच साहेबानं बायांना सांगितलं, "एकदा झालं ते झालं. परत झालं तर मी तालुक्यातनं शिकलेला ऑपरेटर आणून बसवणार. मावशींनी आराम करावा."

आणि परत झालं. मी त्या दिवशी कामानं सोलापुरात होतो, चहाला म्हणून वैजयंतीच्या दुकानात टेकलो होतो. तिचा फोन वाजला. पलीकडनं गोजरबाईचा आवाज मला स्टुलावर बसून ऐकू आला.

"वैजे, तुझं मशीन पांढरं हागाय लागलंय."

"म्हंजे?"

"म्हंजे लेबलाचा रोलच्या रोल पांढरा फटक. कोपऱ्यात मुंगीएवढी चार अक्षरं. आन् उद्या दुपारी साहेब येतोय."

"तू काय दाबलंस?"

"मी काय दाबतीय? त्यानं इचारलं, मी सांगितलं."

वैजयंतीनं शटर ओढलं आणि आमी दोघं एसटीनं गावाकडं निघालो. मंगळवेढा आल्यावर ती म्हणाली, "आण्णा, काय विचारलं असंल त्यानं? मी तर सगळी उत्तरं भरून ठेवलीत."

शेडात पोचलो तर चुली पेटलेल्या, भाकरी निघतेत आणि पाकिटं बिनलेबलाची पडलीत. वैजयंती मशीनपुढं बसली. लिनक्स केल्या कामाची नोंद ठेवतं, ती तिनं उघडली आणि खालवर बघत राहिली. आठवड्याला एकदा गोजरबाई 'सुधारणा' असं लिहिलेलं बटण दाबायची, तिला तसं शिकवलेलं. त्यात छपाईचं सॉफ्टवेअर नवं आलं. नव्याबरोबर त्याची मांडणी म्हणजे सेटिंगबी नवी आली. पण हितली जुनी मांडणी वैजयंतीनं हातानं बदललेली, लहान लेबलाच्या मापाची. असं झालं की लिनक्स परस्पर हात लावत न्हाय. घरच्या माणसानं काही बदललेलं दिसतंय, तर त्याला विचारल्याबिगर ते पुसायचं न्हाय, ही त्याची रीत. हा प्रश्न सुधारणेच्या वेळी उठणारा, त्याचं उत्तर भरायचं राहिलेलं; वैजयंतीनं तो नुसता मराठीत करून ठेवला होता. 'तुमची आधीची मांडणी तशीच ठेवू का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'.

"आत्ती, हितं तू 'नको' दाबलंस."

"व्हय."

"का?"

"का म्हंजे? नको म्हनलं."

"आगं, ते ठेवतो म्हणतंय. चांगलंच म्हणतंय की. त्याच्यापुढंबी 'लेबलाचं माप लक्षात ठेवू का', तितंबी नको. 'मदत दाखवू का', नको. सगळ्याला नकोच? त्यानं हापिसातल्या मोठ्या कागदाचं माप धरलं आणि तुझ्या टिचभर लेबलावर ओतलं."

"मग मी काय व्हय व्हय करत बसू? माझ्या घरचं हाय का ते?"

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. चुलीपुढच्या बाया तव्याकडं बघत होत्या, कान हिकडं. त्यातली सिद्धेश्वरी, गावातल्या दुसऱ्या घरची, अक्कलकोटकडनं आलेली सून, गोजरबाईची जुनी वैरीण, मोठ्यानं म्हणाली, "ऑपरेटर आला तर बरं हुईल की. निदान व्हय-न्हाय तरी कळंल त्येला."

"तुझी भाकरी करपतीया, तितं बघ," गोजरबाई म्हणाली.

तेवढ्यात सिद्धेश्वरीनंच ताटलीत भाकरीचा चुरा, शेंगाची चटणी आणि दही आणून वैजयंतीपुढं धरलं. भांडण भांडणाच्या जागी, माहेरवाशीण उपाशी कशी बसंल?

"नको वैनी, खाऊन निघालेय," वैजयंती म्हणाली.

"घ्या वो. कवा निघालाय तुमी."

"नको नको, खरंच नको."

"आसं कसं नको. दही घरचं हाय." ताटली टेबलावर ठेवून ती गेलीसुद्धा. वैजयंतीनं बोटं पुसली आणि घास उचलला. पोरीनं सकाळपासनं काय खाल्लं नव्हतं, मी बघत होतो की.

घास तोंडाशी गेला आणि तितंच थांबला. तिनं ताटलीकडं बघितलं, मग आत्तीकडं.

"आत्ती," ती हळू म्हणाली, "त्यानं परत विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"परत इचारलं आसतं तर मग ठेव म्हनलं आसतं की." गोजरबाईला त्यात विचारण्यासारखं काय ते कळंना. "पयल्या हाकंला व्हय म्हनाय मी काय आधाशी हाय? कुणी काय देतो म्हनलं की आदी नको म्हनायचं, ही रीत हाय. देनाऱ्याला मनापासनं द्यायचं आसंल तर तो परत इचारतो. ह्यानं इचारलंच न्हाय. एकदा नको म्हनलं तर पाठ फिरवून गेलं. म्हनलं, आसंल बाबा शहरातलं."

शेड हसाय लागलं. सिद्धेश्वरी पदर तोंडात घालून हसली. वैजयंती मात्र हसली न्हाय. तिचं तोंड असं झालं होतं, जणू विहिरीत डोकावताना खालनं कुणी हाक मारली.

"आण्णा," ती मला म्हणाली, "लिनक्स एकदा विचारलेलं परत विचारत न्हाय. प्रत्येक प्रश्नावर ते खूण करून ठेवतं, हे विचारून झालं. ज्यांनी बनवलं त्यांना वाटलं, माणसाला सारखं सतावू नये. तीबी रीतच हाय, त्यांच्याकडची. तिकडं एकदा विचारून गप बसणं म्हंजे मान ठेवणं. आणि हितं..." तिनं ताटली वर उचलून दाखवली.

मी विचार करायला लागलो. मशीन बनवणारा मर्यादेनं वागला. गोजरबाईबी मर्यादेनंच वागली. दोन्ही बाजूंनी कुणी उणं पडलं न्हाय आणि मधल्यामधी लेबलं पांढरी झाली. नांगर जगभरचे, पण रानातला दगड हितलाच, आमच्या गावचा, तो त्यांना कुठनं दिसावा? आणि दगड दिसला तो भाकरीच्या चुऱ्यात.

"आता जुनी मांडणी गेली न्हवं?" मी म्हटलं. "त्यानं पुसली."

"बघते," म्हणून तिनं बोटं चालवली. पडद्यावर नावांची एक लांब ओळ आली. त्यात एका जागी तिनं नख टेकवलं. जुनी मांडणी तितंच होती. त्याच नावाची, पुढं 'जुनी' अशा अर्थाची शेपटी लावलेली. गोजरबाईनं नको म्हटल्यावर मशीननं नवी मांडली, पण जुनी टाकली न्हाय, नाव लावून फळीवर ठेवून दिली. कुणी मागायला येईल म्हणून.

"कुणी सांगितलं त्याला ठेवाय?" गोजरबाईनं विचारलं.

"कुणीच न्हाय. त्याची ती सवय हाय."

गोजरबाईनं त्या नावावर आपलंबी बोट टेकवून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या सुनंपेक्षा बरं हाय की. ती तर माझं लुगडं बोहारणीला घालती आन् मग इचारती."

जुनी मांडणी परत जागेवर बसवायला वैजयंतीला फार वेळ लागला न्हाय. लेबलं नीट यायला लागली, बाया पाकिटांना भिडल्या. दुसरी असती तर तिथंच आटपती. ही म्हणाली, "आत्ती, खुर्ची जवळ घे. आता मी तुला एकेक प्रश्न वाचून दाखवणार. तू एवढंच सांग, तुला ह्यातलं ठाव हाय का न्हाय."

दुपार कलली तरी दोघींचं चालू.

"छपाईची रांग कुणाच्या नावानं धरायची?"

"कसली रांग? रेशनची?"

"हे गेलं. मशीननं आपलं बघून घ्यायचं. जाळ्यावरच्या दुसऱ्या मशीनांना प्रिंटर दाखवायचा का?"

"मला का इचारतीस?"

"हेबी गेलं. मांडणी जुनी ठेवायची का नवी?"

गोजरबाई थांबली. "मागल्या बारीला हेच न्हवं?"

"हेच. हे आता तुला विचारायचंच न्हाय. तुझी मांडणी ते ठेवणारच. आपण पाहुण्याला वाढतो की, तसं. ठेवलंय म्हणून सांगंल आणि पुढं जाईल."

असं करत करत एक प्रश्न उरला. प्रिंटरात लहान लेबलाचा रोल लावलाय का मोठ्या? पाव किलोच्या पाकिटाला लहान, किलोच्या पाकिटाला मोठं. हे मशीनला कळायला वाट नव्हती आणि गोजरबाईला झोपेतबी कळलं असतं. त्याला वैजयंतीनं 'हो' आणि 'नको' ठेवलंच न्हाय. दोन पाकिटांचे फोटो काढून घातले, एक लहान, एक मोठं. ज्याचं असंल त्याच्यावर दाबायचं.

मी बाजूला पोत्यावर बसून हे बघत होतो. मला वाटलं होतं, मशीनला शिकवणं म्हणजे त्यात काहीतरी घालणं. ही तर मघापासनं काढतच होती. तणकट उपटावं तसे प्रश्न उपटत होती, आणि शेवटी रानात ज्वारीचं एक ताट उभं राहिलं, ते नेमकं गोजरबाईच्या हाताच्या उंचीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुलिंग साहेब आले. वैजयंतीनं त्यांना झालं ते सगळं सांगितलं, नको म्हणायची रीतसुद्धा. साहेबांना हसू आलं, पण ते चटकन आवरलं. म्हणाले, "ताई, रीत समजली. पण दुकानदाराला मी काय सांगू? आमच्या मावशी मर्यादशील हायत म्हणून? माझ्यासमोर ते सुधारणेचं बटण दाबा. नीट झालं तर मावशी बसतील. न्हाय झालं तर सोमवारी ऑपरेटर."

"दाब आत्ती," वैजयंती म्हणाली आणि स्वतः उठून लांब, पिठाच्या पोत्याजवळ जाऊन उभी राहिली. तितनं पडद्याची नुसती पाठ दिसत होती. तोंड गोजरबाईकडं.

गोजरबाईनं बटण दाबलं. आधीचीच सुधारणा परत व्हावी असं वैजयंतीनं मांडून ठेवलं होतं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. बाया तवे सोडून मागं गोळा झाल्या. छपाईच्या मांडणीची जागा आली. मशीननं लिहिलं, 'तुमची मांडणी ठेवली आहे', आणि विचारल्याबिगर पुढं गेलं. मग दोन फोटो आले. लहान पाकीट, मोठं पाकीट.

साहेब म्हणाले, "दाबा की मावशी. रोज कुठलं असतं?"

"रोज लहान."

"मग लहान दाबा."

"रोजचं रोज. आज काय हाय ते बघाय नको?" दोन्ही हात टेबलावर टेकून गोजरबाई उठली, गुडघे कुरकुरले, आणि ती प्रिंटरकडं निघाली. तिनं झाकण उचललं, आणि वीज गेली.

पंखे थांबले. पडदा काळा झाला. शेडात नुसता चुलीतला काटक्यांचा आवाज. सुधारणा अर्धी झालेली. निम्मं सॉफ्टवेअर नवं, निम्मं जुनं, मधीच मान मुरगळलेली. मला यंत्रातलं फार कळत न्हाय, पण नांगर तासात अडकून बैल बसला की काय होतं ते कळतं. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. सिद्धेश्वरी पुटपुटली, "गेलं आता." तिचा आवाज वैरिणीचा नव्हता.

मी वैजयंतीकडं बघितलं. ती हलली न्हाय. गोजरबाई तशीच झाकण धरून उभी. "हितं मोठा रोल हाय," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं न्हाय. "सकाळी किलोची पाकिटं काढली. मी लहान दाबलं आसतं तर गेलं आसतं."

वीज आली. मशीन आपणहून चालू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या आणि मी खाली वाकून वाचायला लागलो. वरच वैजयंतीनं मराठीत करून ठेवलेली ओळ होती, 'अर्धवट राहिलेलं काम पुरं करत आहे'. मग एकेकाचं नाव. हे आलं होतं पण बसवायचं राहिलं होतं, बसवलं. हे बसलं होतं, ठीक. हे मधीच तुटलं, परत घेतलं. माणसं झोपेतनं उठली की आपण कुटं हावोत ते कळायला वेळ लागतो. ह्याला क्षणभरबी लागला न्हाय. अंधारात जाताना प्रत्येक पावलावर खुणेचा दगड ठेवत गेलं होतं, आता ते दगड मोजत परत चाललं. हे कुणी ठरवलं असंल? कुठल्या गावात बसून त्यांनी धरलं असंल की कुटंतरी वीज जाणार, नेमकी नको तवा, आणि गोजरबाई झाकण धरून उभी असणार? माझा हात आपोआप टोपीकडं गेला.

मग दोन फोटो परत आले. लहान पाकीट, मोठं पाकीट.

"परत इचारतंय," गोजरबाई म्हणाली.

"उत्तर मिळालंच नव्हतं त्याला," वैजयंती लांबूनच म्हणाली. "तू उठून गेलीस."

गोजरबाई येऊन खुर्चीवर बसली आणि मोठ्या पाकिटावर दाबलं. प्रिंटर घरघरला. पहिलं लेबल बाहेर आलं, काळंभोर, मापात. गटाचं नाव, तारीख, वजन एक किलो. साहेबांनी ते फाडून घेतलं, उजेडात धरलं, बोटानं अक्षर घासून बघितलं. मग किलोचं एक पाकीट उचलून त्याच्यावर चिकटवलं.

"ऑपरेटरचं राहू दे," ते म्हणाले. "पण मावशी, आणखी एकीला शिकवून ठेवा. तुमी आजारी पडला तर?"

"मी न्हाय पडत आजारी."

"मावशी."

"बरं. सिद्धेश्वरीला शिकवते. तिला बी कळू दे खुर्चीवर कंबर कशी धरती ते."

"मी आदी शिकते, मंग तुमच्या चुका काढते," सिद्धेश्वरी म्हणाली आणि तव्याकडं पळाली, तिची भाकरी खरंच करपली होती.

साहेब चहा घेऊन गेले. किलोची पाकिटं थप्पीला लागलेली, पाच वाजता माल उचलायला गाडी येणार होती. गोजरबाई लेबलं काढत होती, एक हात बटणावर, दुसरा रोलावर. वैजयंती तिच्या मागं जाऊन थोडा वेळ उभी राहिली. तिच्या सवयीनं बोटं बघत होती, डोळे बघत होती. बोट कुटं थांबत नव्हतं.

"आत्ती, मी निघू?"

"जा की. एसटी चुकंल," गोजरबाई म्हणाली. तिनं मान वळवली न्हाय.

वैजयंतीनं पिशवी उचलली. फाट्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेलो. एरवी आत्तीनं मान वळवून निरोप दिला न्हाय तर फाट्यापर्यंत धुमसत जाणारी पोरगी, आज गुणगुणत चालली होती.